कमी काम, पुष्कळ वर्षं

महाराष्ट्रात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. सोलापूरला त्यांतलं जवळचं येरवडा, तेही अडीचशे किलोमीटरवर. उलट दिशेला, वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, गाणगापूर रोड हे स्टेशन आहे. गाणगापूर हे दत्ताचं क्षेत्र. बाधा झाली, अंगात आलं, करणी झाली असं ज्यांच्याबद्दल वाटतं त्यांना तिथं आरतीला उभं करतात, हे सोलापूर-अक्कलकोट भागात सगळ्यांना ठाऊक आहे. घरातला विशी-बाविशीतला मुलगा रात्र रात्र झोपत नाही, एकटाच बोलतो, जेवणात कुणी काहीतरी कालवलंय म्हणून ताट बाजूला सारतो, तेव्हा पुष्कळ आईवडील आधी गाणगापूरचं तिकीट काढतात. त्यांना अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण तिथं केसपेपर काढावा लागत नाही, कुणी खेकसत नाही, आणि आपल्यासारखंच दुःख घेऊन आलेली माणसं शेजारी बसलेली असतात. आपल्या आरोग्यव्यवस्थेत या तिन्ही गोष्टी त्यांना क्वचितच मिळतात.

वास्तविक उपचार सोलापुरातही आहेत. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ज्याला सगळे नुसतं ‘सिव्हिल’ म्हणतात, मनोविकार विभाग आहे. शहरात खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. तरीही घर आणि ओपीडी यांच्यामधला एक मोठा पट्टा मोकळाच राहतो. पहिल्या लक्षणापासून पहिल्या गोळीपर्यंत गेलेले महिने किंवा वर्षं. ‘आता बरा दिसतोय’ म्हणून गोळ्या परस्पर बंद झाल्या तो दिवस. लग्न जमवताना लपवलेला आजार. काम सुटलेल्या माणसाची रिकामी दुपार. आणि या सगळ्यात थकून गेलेली आई किंवा बायको. हा पट्टा डॉक्टरच्या हातात नाही, देवस्थानाच्याही नाही. तिथं उभं राहू शकतात त्या छोट्या संस्था. पाच-सात विश्वस्त, दोन पगारी कार्यकर्ते, उसनी मिळालेली एक खोली आणि मार्चनंतर पैसे कुठून आणायचे ही काळजी, अशा संस्थांसाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

पुढच्या तीन वर्षांचा आराखडा अशा संस्थेकडे पहिल्यांदा कोण मागतं? बहुधा देणगीदार. मग दोन-तीन रात्रींत एक कागद तयार होतो. त्यात जनजागृती असते, शाळांमध्ये समुपदेशन असतं, महिला, शेतकरी, ज्येष्ठ नागरिक, व्यसनमुक्ती, हेल्पलाइन, पथनाट्य, सगळं असतं. कार्यक्षेत्र म्हणून जिल्ह्याचे अकराही तालुके असतात. असे बरेच कागद माझ्या वाचनात आले आहेत. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी असते आणि त्यातली एकही गरज खोटी नसते. पण दोन माणसांच्या पायांनी करमाळा ते अक्कलकोट होत नाही. दुसऱ्या वर्षी फिरणारी कार्यकर्ती थकून नोकरी सोडते, तिच्याबरोबर चाळीस घरांची ओळख निघून जाते, आणि ज्या घरानं पहिल्यांदा धीर करून दार उघडलं होतं ते पुढच्या माणसाला उघडत नाही. मानसिक आजाराच्या कामात अर्ध्यावर सोडलेलं काम हे न केलेल्या कामापेक्षा जास्त नुकसान करतं. म्हणून छोट्या संस्थेच्या आराखड्यात ‘आम्ही काय करणार नाही’ हे पान आधी लिहिलं जावं आणि ‘किती वर्षं करणार’ हा आकडा सगळ्यात विचारपूर्वक घातला जावा, असं माझं ठाम मत आहे.

याचा उत्तम नमुना आपल्या जिल्ह्यातच आहे. तो मानसिक आरोग्याचा नाही इतकंच. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयानं १९८७ मध्ये बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांची कर्करोग नोंदणी सुरू केली. ग्रामीण भागातली अशी ही देशातली पहिली नोंदणी. तोवर कर्करोगाच्या नोंदण्या शहरांतल्या रुग्णालयांत बसून होत. जो रुग्ण रुग्णालयात पोचला त्याचंच नाव वहीत यायचं. खेड्यातला रुग्ण पोचतच नव्हता. तेव्हा बार्शीच्या लोकांनी वही घेऊन गावात जायचं ठरवलं. कार्यकर्ते ठरल्या वेळी ठरल्या गावी जात, बायका-पुरुषांना आजाराची लक्षणं समजावून सांगत, कुणाला काही होतंय का विचारत, आणि पुन्हा काही महिन्यांनी तिथंच जात. नोंदणी करता करता लोकांचं शिक्षण झालं आणि रुग्ण लवकर येऊ लागले. ही ओळख इतकी पक्की झाली की पुढे शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात, टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांच्या साथीनं, १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दलचा अभ्यास करता आला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येऊ शकतात, हे त्यातून दिसलं, आणि तपासणीची धोरणं ठरवताना जगभर त्याचा आधार घेतला गेला.

तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयाला हे का जमलं? आजार एकच धरला, गावं मोजून घेतली, आणि वर्षानुवर्षं वही बंद केली नाही. मानसिक आरोग्याच्या कामात तपासणीची नळी किंवा सूक्ष्मदर्शक नाही, पण वही आहे, गाव आहे आणि परत जाणं आहे. मनोविकारांवर काम करू पाहणाऱ्या सोलापूरच्या प्रत्येक कार्यकर्त्यानं पुण्या-मुंबईच्या आधी बार्शीला जाऊन यावं.

मराठी माणसांनी उभ्या केलेल्या मनआरोग्याच्या संस्था पाहिल्या तरी हेच दिसतं. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. परदेशातलं मराठी घर, भोवती नातेवाईक नाहीत, आणि आपल्या माणसांत या आजाराचं नाव काढायची सोय नाही, अशा स्थितीत त्यांनी हा संसार केला. तिथं त्यांना रुग्णांच्या कुटुंबीयांनी एकत्र येऊन चालवलेल्या गटांचं बळ दिसलं. १९९७ मध्ये त्यांच्या पुढाकारानं पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे ‘सा’, सुरू झाली. इस्पितळ काढायचं नाही, कुटुंबांचा स्वमदत गट चालवायचा, ही तिची सुरुवात. रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची पद्धत मराठीत रुळली ती अशाच गटांमधून. पुढे धायरीत पुनर्वसन केंद्र आलं. २००४ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ आला, त्यामागेही वाणींचा आणि ‘सा’चा हात होता. तो चित्रपट पाहिलेल्यांना अतुल कुलकर्णींचा शेष आठवतो तशी त्याची बहीणही आठवते. घर सांभाळून भावाला सांभाळणारी ती बाई म्हणजे ‘सा’च्या साध्या बैठकांना येणाऱ्या कितीतरी बायकांपैकीच एक वाटते. संस्थेनं एक आजार धरला आणि त्या आजारातही आधी शुभंकर धरले. ही निवड तिच्या संस्थापकाच्या घरातून आली होती, म्हणून ती टिकली.

‘मुक्तांगण’चंही तसंच. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. गर्दच्या व्यसनात सापडलेली पोरं पाहून, पती अनिल अवचटांचं लेखन आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचं साहाय्य यांच्या आधारानं, २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात काम सुरू झालं. स्वतःची जागा होईपर्यंत थांबायचं नाही, सरकारी भिंतीच्या आत जागा मिळत असेल तर तिथं सुरू करायचं, हा त्यातला धडा मला सोलापूरसाठी फार महत्त्वाचा वाटतो. सिव्हिलच्या मनोविकार ओपीडीबाहेरचा एक बाक आणि आठवड्यातले दोन दिवस तिथं बसणारं आपलं एक माणूस, एवढ्यावर एका संस्थेचं पहिलं वर्ष सत्कारणी लागेल. डॉ. आनंद नाडकर्णींची ठाण्यातली आयपीएच ही मनआरोग्य संस्था १९९० ची. तिनं आजारी माणसाबरोबर निरोगी माणसाच्या मनालाही हात घातला. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या जोडीनं ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्तीचं काम उभं केलं. ज्या माणसाला लोक मांत्रिकाकडे नेतात त्याला आपण डॉक्टरकडे नेणार असू, तर आपल्यालाही त्याच्या दाराशी जावं लागेल, हे त्या चळवळीला कळलं होतं. या चारही कामांचा आकार वेगळा आहे. सुरुवातीला मात्र प्रत्येकानं एकाच दारावर थाप मारली.

तज्ज्ञ नाहीत, मग आम्ही काय करणार, ही शंका नेहमी येते. तज्ज्ञ खरोखर कमी आहेत: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ ०.७५. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्हा ४३ लाखांचा होता, त्या सरासरीनं अख्ख्या जिल्ह्याला तीस-बत्तीस येतात, आणि असे तज्ज्ञ असतात ते शहरात. पण नैराश्यासारख्या आजारात तज्ज्ञ नसलेली, नीट शिकवलेली स्थानिक माणसं काय करू शकतात याचा पुरावा आपल्या शेजारी आहे. गोव्यात ‘संगात’ या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत मनोविकारांचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. सहा ते आठ भेटी, त्यात माणसाला पुन्हा छोट्या छोट्या कामांकडे आणि माणसांकडे वळवायचं, एवढंच त्याचं स्वरूप. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात हे मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या ‘विश्राम’ प्रकल्पाचे आकडे आले. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या त्या गावांत नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षाच्या कामानंतर २७.२ टक्के झाले. गावातलीच कार्यकर्ती, तिच्या पाठीशी समुपदेशक, त्याच्या पाठीशी डॉक्टर, अशी ती रचना होती.

हे आकडे आराखड्यात उतरवून घेण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ते अमरावतीचे आणि गोव्याचे आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं सांगितलं, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचंही. पण ज्या बारा राज्यांत ते झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता. गुजरात होता, मध्य प्रदेश होता. म्हणजे सोलापूरच्या साखर पेठेतल्या किंवा मंगळवेढ्याच्या एखाद्या गावातल्या परिस्थितीबद्दल ते सर्वेक्षण काही सांगत नाही. ती आपल्यालाच मोजावी लागणार आहे, बार्शीसारखी.

आणि सोलापूर मोजायचं म्हणजे सोलापूर ओळखायचं. शहराच्या पूर्व भागात, तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत, घरात तेलुगू चालते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड. शहरात दखनी उर्दू. सिव्हिलमधला निवासी डॉक्टर मराठी किंवा हिंदीत विचारतो, ‘झोप येते का? मनात काय विचार येतात?’ आणि तेलुगू आजी ‘हो, हो’ म्हणून मान हलवते. छातीत दडपण येतं, डोकं जड होतं, पोटात कालवतं, असं दुःख अंगाच्या बोलीत सांगितलं जातं. त्यातलं मनाचं काय हे ओळखायला आपल्या बोलीचा माणूस लागतो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सॅमहिनसारख्या दक्षिण आशियाई मनआरोग्याच्या संस्था निघाल्या त्याही याच कारणानं: मुलगी इंग्रजीत समुपदेशकाशी बोलू शकते, पण तिची सासू गुजरातीत किंवा तमिळमध्येच रडू शकते. दुभाष्याला आराखड्यात मानधनासह जागा हवी. आपल्याकडे दुभाष्या म्हणजे शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक किंवा घरची शाळकरी मुलगी, आणि आईच्या आत्महत्येच्या विचारांचा अनुवाद त्या मुलीला करावा लागतो. सोलापूरच्या संस्थेचा पहिला पगार तेलुगू आणि मराठी दोन्ही सफाईनं बोलणाऱ्या बाईला जावा, असं माझं मत आहे. कार्यालय, संगणक, बोधचिन्ह हे नंतर.

दुसरी गोष्ट वेळेची. कुंभारीच्या बाजूला विडी कामगारांच्या घरकुलांत दुपारी जाऊन पाहा. उंबऱ्याशी बाई बसलेली असते, मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. बोटं बघायलाही न थांबता पान वळतं, दोरा गुंडाळला जातो, विडी पडते. हजार विड्यांवर मजुरी. पान-तंबाखू कारखान्यातून आणायचा, तयार विड्या ठरल्या वेळी नेऊन द्यायच्या, त्यांतल्या खराब निघालेल्या वगळल्या जातात. आता या बाईचा मोठा मुलगा स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांवर आहे असं समजा. ओपीडीच्या दिवशी सकाळी रिक्षा, केसपेपरची रांग, डॉक्टरची रांग, गोळ्यांच्या खिडकीची रांग. घरी परत यायला दुपार टळून जाते. त्या दिवशीची हजारी बुडते. म्हणून ती एखादी फेरी चुकवते, मग दुसरी, मग गोळ्या संपतात आणि तीन महिन्यांनी मुलगा पुन्हा रस्त्यावर ओरडत फिरतो. फाइलीत याची नोंद ‘रुग्णाने औषध घेण्यात हयगय केली’ अशी होते.

या एका घरासाठी संस्थेनं काय करायचं हे लिहून काढलं की आराखड्याचा निम्मा भाग तयार होतो. एका दिवशी पाच घरांचे केसपेपर घेऊन आपलाच माणूस रांगेत उभा राहील का? दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याबद्दल विभागप्रमुखांशी बोलणी होतील का? बैठक विड्या देऊन झाल्यावरच्या वेळेला, त्यांच्याच गल्लीत घेता येईल का? मुलाला मानसिक आजारामुळे अपंगत्वाचा दाखला मिळतो का, मिळाल्यास संजय गांधी निराधार योजनेत त्याचं नाव बसतं का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे, पण तो दाखला मिळवणं ही पुष्कळ फेऱ्यांची गोष्ट आहे, आणि त्या फेऱ्या मारणारा कुणीतरी लागतो. नाशिक जिल्ह्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रानं चालवलेल्या ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातल्या स्वयंसेवकांनी मन मोकळं करून घेण्याबरोबर सरकारी योजनांपर्यंत माणसाला पोचवण्याचंही काम केलं, ते मला फार योग्य वाटतं. रेशन बंद झालेल्या घरात नुसतं समुपदेशन पुरत नाही.

यंत्रमाग कामगाराचं घड्याळ वेगळं, त्याची पाळी वेगळी. ऊसतोडीला बाहेरून आलेली टोळी गळीत हंगाम संपला की जाते. तिच्यातल्या रुग्णाचा कागद कुठं पाठवायचा? आषाढीच्या तोंडावर जिल्ह्याची आरोग्ययंत्रणा पंढरपुरात गुंतलेली असते, त्या पंधरवड्यात शिबिर ठेवू नये. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला मात्र सगळं शहर एका मैदानावर येतं. असं स्थानिक दिनदर्शिकेवर बसवलेलं वर्षाचं कोष्टक पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणात आहे.

सोलापूरचं आणखी एक दुखणं सरकारी नकाशाचं आहे. २०१५ च्या सुमारास राज्यानं शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला तो विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी. सोलापूर पुणे महसूल विभागात. सांगोला, मंगळवेढा, करमाळा इथल्या कोरडवाहू शिवारातलं आणि शेजारच्या धाराशिवमधलं दुःख सारखं असलं तरी योजनेची सीमा मध्ये येते. इथं छोट्या संस्थेनं पदर पसरून योजना मागण्यापेक्षा आकडे घेऊन जिल्हा प्रशासनाकडे जावं. दोन वर्षं जपून भरलेली एका महसूल मंडळाची नोंदवही जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली तर तिला नाही म्हणणं कुणालाही अवघड जातं. आपल्या दक्षिणेला बळ्ळारीत १९८५ ते १९९० या काळात बंगळूरच्या निम्हान्सनं एका जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत मनोविकारांवर उपचार करून दाखवले, आणि त्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. एका जिल्ह्यातलं काम देशाचं धोरण घडवू शकतं.

पैशांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. कंपनी कायदा २०१३ खाली मिळणारा सामाजिक दायित्व निधी चांगला असतो, पण त्याचं वर्ष मार्चला संपतं आणि रुग्णाचं संपत नाही. म्हणून त्या निधीतून प्रशिक्षण, साहित्य, शिबिरं करावीत. घरोघर जाणाऱ्या कार्यकर्तीचा पगार गावातल्या छोट्या देणग्यांवर उभा करावा. महिन्याला पाचशे रुपये देणारी दीडशे माणसं म्हणजे वर्षाचे नऊ लाख, आणि ती माणसं सोलापुरात आहेत. अमेरिकेतल्या भाच्यानं पैसे देऊ केले तर आधी त्याचा पासपोर्ट विचारावा. भारतीय नागरिक असेल तर त्याच्या स्वतःच्या बचतीतली देणगी परदेशी ठरत नाही. नागरिकत्व बदललं असेल तर परदेशी देणगी कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक डॉलरही घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत तो आपल्याकडे वळवताही येत नाही. धर्मादाय कार्यालयातला बदल अर्ज, लेखापरीक्षण, आयकर सवलतीच्या नोंदण्या यांच्या मुदती भिंतीवर लावून ठेवाव्यात. कामं उत्तम आणि कागद अर्धवट, अशा स्थितीत बंद पडलेल्या संस्थांचं मला फार वाईट वाटतं.

इमारतीच्या मोहाबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे. देणगीदाराला नावाची पाटी लावायला भिंत हवी असते, विश्वस्तांना ‘आपली वास्तू’ हवी असते, आणि ‘आमच्या मुलाला ठेवून घ्या’ असं रोज कुणीतरी रडत सांगत असतं. ही मागणी खरी आहे. तरीही पहिली पाच वर्षं मुक्कामी केंद्र काढू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार मनोरुग्णाला दाखल करून ठेवणारी कुठलीही जागा राज्य प्राधिकरणाकडे नोंदवावी लागते. तज्ज्ञ, कर्मचारी, रुग्णाचे हक्क, त्याची संमती, त्यानं नेमलेला प्रतिनिधी, या सगळ्याची जबाबदारी येते. ती योग्यच आहे. साखळदंडात ठेवलेल्या माणसांच्या कहाण्या आपण विसरलेलो नाही. पण त्या जबाबदारीचं ओझं दोन माणसांच्या संस्थेला पेलत नाही, आणि इमारत चालवण्यात गल्लीतलं काम संपतं.

त्याच कायद्यातलं ११५ वं कलम प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवं. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असं कायदा आता धरून चालतो, आणि तिला शिक्षा करण्याऐवजी तिची काळजी घेण्याचं कर्तव्य सरकारवर टाकतो. तरी आजही घरची माणसं पोलिसांच्या भीतीनं ‘चुकून औषध पोटात गेलं’ असं सांगतात. या एका कलमाची माहिती शहरातल्या दोनशे घरांत नीट पोचली तरी काही जीव वाचतील.

शेवटी राहतात ती काम करणारी माणसं. दुसऱ्याचं दुःख रोज ऐकणाऱ्या कार्यकर्तीला महिन्यातून एकदा स्वतःचं बोलायला तज्ज्ञ व्यक्ती मिळावी, यासाठी अंदाजपत्रकात रक्कम असावी. ती चैन म्हणून खोडू नये. तिच्या वहीतली नावं विश्वस्तांच्या बैठकीत वाचली जाऊ नयेत. सोलापूर मोठं असलं तरी पेठेत सगळे एकमेकांना ओळखतात, आणि एक नाव फुटलं की चाळीस दारं बंद होतात. संस्थापकांनी आपल्यानंतर कोण, हे पहिल्याच आराखड्यात लिहावं. डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये गेल्या. ‘मुक्तांगण’ चाललं, कारण काम पुढे नेणारी माणसं तोवर त्या कामात मुरली होती.

ही पुस्तिका वाचणाऱ्या विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. आराखड्याच्या बैठकीला लेखापाल आणि सल्लागार यांना बोलवाच, पण त्यांच्याआधी दोन खुर्च्या राखून ठेवा: एक आजारातून उठून कामाला लागलेल्या शुभार्थीसाठी आणि एक आईसाठी. त्यांचा त्या दिवसाचा रोजगार संस्थेनं भरून द्यावा, बैठक त्यांच्या सवडीनं ठेवावी, आणि कामांची यादी वाचून झाल्यावर त्यातलं काय खोडायचं हे पहिल्यांदा त्यांना विचारावं.